बहिरं धान आणि सरांची सीताफळं

चंचल मोहुर्ले हे नाव ठेवणाऱ्याने पोरगी नीट पाहिली नसावी. ही बाई एकदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की घोरपडीसारखी चिकटते. पोंभुर्णा तालुक्यातल्या तिच्या गावात अजून सांगतात, सहावीत असताना गणिताच्या पुस्तकात मागे एक उत्तर चुकीचं छापलं आहे म्हणून ती मास्तरांशी तीन दिवस भांडली. चौथ्या दिवशी मास्तरांनीच पेन काढून पुस्तकात दुरुस्ती केली. गावाला केवढं कौतुक! पुढे हाच गुण तिच्या मुळावर आला. वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत ती एका धानाच्या मागे लागून राहिली आणि त्या धानाने तिला पार जेरीस आणलं.

धान घरचंच. तिचे वडील लटारूभाऊ यांची एक बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, नदीच्या अंगाला, खोलगट जागी आहे. पावसाळ्यात तिथे आठ-आठ दिवस पाणी उभं राहतं. दुकानातलं सुधारित बियाणं तिथे कुजून जातं. लटारूभाऊ मात्र आजोबांच्या काळापासून चालत आलेलं एक जाड, लालसर धान तिथे टाकतात. पाणी चढलं की ते धान मान वर काढतं. त्याला नाव असं काही नाही, घरात त्याला 'खालच्या बांधीचं' म्हणतात.

चंद्रपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता चंचलने पीएचडीला हाच विषय घेतला. झाडाच्या अंगात इथिलीन नावाचा एक हार्मोन असतो. हा हार्मोन म्हणजे चक्क वायू, डोळ्यांना दिसत नाही. झाड पाण्यात बुडालं की तो अंगातच कोंडतो आणि पेशीला निरोप पोचतो: वाढ, वर निघ. पण पेशीच्या आतला कारभार मोठा उलटा. तिथे एक राखणदार बसलेला असतो आणि तो सदानकदा 'थांबा, थांबा' म्हणून ओरडत असतो. वायू येऊन त्याच्या अंगाला चिकटला की तो गप्प होतो. तो गप्प झाला की दुसरा मोकळा होतो, तिसऱ्याकडे जातो, तो पेशीच्या गाभ्यात शिरतो आणि मग झाड वाढतं. या सगळ्या वाटेचा नकाशा चंचलने एका मोठ्या पुठ्ठ्यावर काढला होता. जगातल्या इतर धानांची वाट माहीत होती. खालच्या बांधीच्या धानात निरोप कुठून कसा जातो, एवढं तिला शोधायचं होतं.

काम दिसायला साधं. मोड आलेले दाणे काचेच्या बरणीत ओल्या कागदावर ठेवायचे, प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत झाकण घट्ट लावायचं. निम्म्या बरण्यांत सुईने इथिलीन सोडायचं, निम्म्यांत काहीच नाही, नुसती साधी हवा. चार दिवस सगळ्या बरण्या तिथेच अंधारात. वायू मिळालेल्या धानाचं मूळ आखूड राहतं आणि कोंब लांब होतो. मग फूटपट्टी घेऊन मोजत बसायचं, आणि कोवळे कोंब बर्फात घालून पुढच्या तपासणीला नागपूरला पाठवायचे.

सुधारित धान शहाण्यासारखं वागलं. साध्या हवेत एक, वायूत दुसरं. खालच्या बांधीचं धान मात्र वायू द्या, नका देऊ, सारखंच. मूळ आखूड ते आखूडच, कोंब लांब तो लांबच. पहिल्या वेळी तिला वाटलं, आपलंच चुकलं. पाचव्यांदा तेच आल्यावर तिचे मार्गदर्शक वैरागडे सर खुर्चीतून उठलेच.

"अगं, हे धान बहिरं आहे! आखूड मूळ ही त्याची जातच, हार्मोनचं ते ऐकतच नाही. राखणदारापासून पुढे निरोपच जात नाही. हाच तुझा प्रबंध."

झालं. चंचलने नकाशावर राखणदाराच्या पुढे एक लाल फुली मारली. निरोप इथे अडतो. नागपूरचे आकडे आले, ते फुलीशी जुळेनात. फुली एक घर पुढे सरकवली. पुढच्या वर्षी आणखी एक घर. तिसऱ्या वर्षी फुली परत मागे आली. पुठ्ठ्यावर खोडून खोडून तिथे भोक पडलं, तेव्हा तिने नवा पुठ्ठा आणला. धान बहिरं आहे हे नक्की, पण कुठे बहिरं आहे ते धान काही सांगेना.

घरी गेल्यावर लटारूभाऊ विचारायचे, "का म्हणते तुहं धान?"

"बहिरं आहे बाबा. हार्मोन ऐकत नाई."

"बहिरं?" म्हातारा हसायचा. "पाणी चढलं का एका रातीत वीतभर वाढते, अन् तू त्याले बहिरं म्हणून राह्यली?"

"ते वेगळं असते बाबा. तुमाले नाई समजत."

लटारूभाऊ उठून कामाला लागत. शिकलेल्या पोरीशी किती वाद घालायचा?

आता सीताफळांचं सांगायला हवं. पीएचडीची नोंदणी झाली तेव्हा आईने, रुखमाबाईने, अंगणातल्या झाडाची वीस-पंचवीस सीताफळं पिशवीत भरून दिली होती. मोठ्या माणसाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, अशी त्यांच्या घरची रीत. सरांनी एक फोडलं, डोळे मिटून खाल्लं आणि म्हणाले, "असं फळ मी जन्मात खाल्लं नाही." रुखमाबाईला हे कळल्यावर ती नुसती फुलली. तेव्हापासून हंगामात दर आठवड्याला एक पिशवी पोंभुर्ण्याच्या एसटीत ड्रायव्हरच्या बाजूला बसून चंद्रपूरला येऊ लागली. सीताफळ संपलं की पपई, मग जंगलातली टेंभरं, मग आंबे. पावसाळ्याचे दोन महिने तेवढे पिशवी बंद.

पिकलेलं फळ एसटीत चेंगरतं, म्हणून आई कच्चंच पाठवायची. ते पिकवायचं काम प्रयोगशाळेतल्या नीलाबाईंकडे. नीलाबाई तिथे तीस वर्षांपासून काचा धुतात, चाव्या सांभाळतात आणि प्राध्यापकांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना दम देतात. "तू पोरी त्या बरण्याइकडं पाह्य. फळाची काळजी नको करू," असं त्यांनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं. फळाचे डोळे उघडले, हाताला जरा मऊ लागलं, की त्या नेमक्या दिवशी काढून सरांच्या टेबलावर ठेवायच्या. चंचलने कधी विचारलं नाही की बाई हे पिकवतात कुठे. तिचं डोकं फुलीत गुंतलेलं. आणि खरं सांगायचं तर सीताफळ तिच्या स्वतःच्या तोंडात कधी पडलंच नाही. सगळी सरांची.

प्रयोग बिघडला की सर चिडायचे. सर चिडले की चंचल फोनवर आईजवळ रडायची. आई काय करणार? पुढच्या एसटीने एकाऐवजी दोन पिशव्या पाठवायची.

चौथ्या वर्षी हे सगळं लिहून परदेशातल्या एका मासिकाला पाठवलं. तपासणाऱ्याने चार ओळींत परत पाठवलं. त्यात एक ओळ होती: तुमची साध्या हवेतली रोपं वायू दिल्यासारखी दिसतात, खोलीतली हवा तपासली होती का? चंचलचा तिळपापड झाला. खोलीतली हवा म्हणे! हा कुठला साहेब, थंडगार इमारतीत बसून मला शिकवणार? हवा वाईट असती तर सुधारित धानाने सांगितलं नसतं? तिने तीन पानांचं उत्तर लिहिलं. सर म्हणाले, "जळतात लोक. जाऊ दे."

शिवाय पावसाळ्यातले आकडे होतेच छळायला. दर जुलै-ऑगस्टमध्ये हे धान अचानक शहाण्यासारखं वागायचं. साध्या हवेत मूळ लांब, वायूत आखूड. "पावसाळ्यात ओल असते, त्या आकड्यांचा भरवसा नाही," असं सरांनी ठरवून टाकलं होतं. चंचलने चारही वर्षांची ती पानं लाल पेनाने आडवी खोडली. खोडताना तिचा हात जरा अडखळायचा, पण सरांना नोकरीच्या तिसाव्या वर्षी कोण शिकवणार?

नोंदणीची मुदत संपत आली. एकदा वाढवून घेतली होती, आता एकतीस डिसेंबर शेवटची. त्या तारखेच्या आत प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द आणि सगळं पहिल्यापासून. चंचल नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती. दर जूनमध्ये नवा अर्ज, दर मेमध्ये घरी. कायमच्या जागेसाठी पीएचडी हवी होती. धाकटी पुनम लग्न होऊन गोंडपिपरीला गेली, तिचं पोरगं शाळेत जाऊ लागलं. "मावशी अजून शिकूनच राह्यली का?" असं ते विचारायचं, आणि चंचलला त्या पोराचा राग यायचा, मग स्वतःचा.

शेवटी तिने हात टेकले. फुली राखणदाराच्या पुढे, जिथे पहिल्यांदा मारली होती तिथेच ठेवली आणि दसऱ्यापर्यंत प्रबंध लिहून काढला. निळ्या कव्हरात बांधूनही झाला. फक्त शेवटचा एक प्रयोग सरांना छायाचित्रासाठी पुन्हा हवा होता.

त्याच आठवड्यात नीलाबाईंची लेक बाळंत झाली आणि बाई दहा दिवसांच्या रजेवर ब्रह्मपुरीला गेल्या. जाण्याच्या गडबडीत चाव्या चंचलच्या हातात दिल्या, बाकी काही सांगायचं राहिलं. आठव्या दिवशी चंचल अंधाऱ्या खोलीत बरण्या ठेवायला गेली तर आंबूस, गोड वास. काहीतरी मेलंय की काय! तिने मोबाईलचा उजेड पाडला. रॅकच्या खाली, भिंतीला लागून एक जुनं लाकडी कपाट होतं. त्यात फुटक्या नळ्या असतात असा सगळ्यांचा समज. तिने दार ओढलं.

आत धानाचं तणस, तणसावर गोणपाट, आणि गोणपाटाखाली सीताफळं. दोन पिशव्यांची. पिकून फुटलेली, पांढरा गर बाहेर आलेला, त्यावर चिलटं.

चंचल खाली फरशीवरच बसली. तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पिकणारं फळ इथिलीन सोडतं, एक पिकलं की त्याच्या वायूने शेजारचं पिकतं, हे ती स्वतः दरवर्षी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवत होती. परीक्षेत दोन मार्कांचा प्रश्न असतो तो. खिडकी नसलेली खोली, घट्ट दार, उबदार, अंधारी. फळ पिकवायला यापेक्षा चांगली जागा चंद्रपुरात शोधून सापडली नसती. आणि बरणीत जी साधी हवा म्हणून ती चार वर्षं कोंडत होती, ती याच खोलीतली.

धान बहिरं नव्हतं. धानाचे कान नको तितके तिखट होते. सुधारित धानाला ज्या कणभर वायूची खबरही लागत नव्हती, तेवढ्यावर खालच्या बांधीचं धान खडबडून उठत होतं. मग वरून आणखी वायू दिला तर ते आणखी काय करणार? आणि पावसाळ्यात पिशवी बंद, कपाट रिकामं, म्हणून तेव्हा ते खरं बोलत होतं. ती खरी पानं तिने स्वतःच्या हाताने लाल पेनाने खोडली होती. तिने कपाटाच्या दाराला लाथ मारली. लागलं पायालाच. मग तिथेच बसून ती मोठमोठ्याने रडली.

नीलाबाई परतल्या तेव्हा खोली धुऊन, दोन दिवस पंखा लावून मोकळी केलेली होती. त्यांनी कपाट पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "फळं सडली का वो पोरी? सराले काय सांगू आता?"

"बाई, तुमी फळं इथी काऊन ठेवत होत्या?"

"इथी लवकर पिकतेत ना! बाहेर सहा दिवस लागते, इथी तीन. अन् अंधारात कोणाची नजर नाई लागत." मग तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहून त्या घाबरल्या. "माह्यं काई चुकलं का?"

चंचलच्या जिभेवर खूप काही आलं होतं. पण ओरडायचं कोणावर? फळं कोणाच्या घरची? पिशवी एसटी स्टँडवरून कोण उचलून आणत होतं? "नाई बाई," ती म्हणाली, "तुमचं नाई."

तिने पुन्हा बरण्या मांडल्या. काही बरण्यांत स्वच्छ मोकळी हवा, काहींत मोजून दिलेला वायू, आणि लोणच्याच्या तीन मोठ्या बरण्यांत दाण्यांसोबत एकेक सीताफळ. चार दिवसांनी झाकणं काढली. स्वच्छ हवेतल्या धानाची मुळं बोटभर लांब, सरळ, पांढरी. वायूतली आखूड. आणि सीताफळाच्या बरण्यांतली हुबेहूब तशी, जशी ती चार वर्षं 'साधी हवा' म्हणून वहीत लिहीत आली होती. एवढी चांगली मुळं तिने आयुष्यात पाहिली नव्हती आणि एवढी चीडही तिला कधी आली नव्हती.

ती बरण्या घेऊन सरांकडे गेली. टेबलावर प्रबंध सहीच्या पानावर उघडा होता, पेनाचं टोपण काढलेलं. सरांनी आधी ऐकलं, मग पाहिलं, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"म्हणजे चार वर्षं मी हे खात होतो," ते शेवटी म्हणाले.

"हो सर."

"आणि तू आणत होतीस."

"हो सर."

सरांनी बरणी बाजूला सारली आणि आवाज खाली आणला. "हे बघ बेटा. मुदत डोक्यावर आहे. मी सही करतो, तू जमा कर. डॉक्टर हो, नोकरीला लाग. मग कर ना दुरुस्ती, कोण अडवतं? विद्यापीठातलं कोण सीताफळ शोधायला येणार आहे?"

चंचलने सहीच्या पानाकडे पाहिलं. तिला ते पान इतकं हवं होतं की हात शिवशिवत होते. नऊ वर्षांचे अर्ज, पुनमच्या पोराचा प्रश्न, आईच्या पिशव्या, सगळं त्या एका सहीपाशी येऊन थांबलेलं. वर मोठ्या अक्षरात प्रबंधाचं नाव, त्यात 'प्रतिसाद न देणारे धान'. आणि समोर बरणीत ते धान, बोटभर मुळं काढून.

"सर, उत्तर चुकलंय," ती म्हणाली. "चुकलेलं छापून कसं द्यायचं?"

"नोंदणी जाईल गं! पुन्हा दोन-तीन वर्षं. तोवर मी निवृत्त होईन."

"माहीत आहे सर."

त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा बरणीकडे. मग पेनाला टोपण लावलं. "खोडलेली पानं आहेत की फेकलीस?"

"आहेत."

"तेवढीच कामाची," सर म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

शनिवारी ती गावी गेली. धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या होत्या. लटारूभाऊ अंगणात खालच्या बांधीच्या पेंढ्या रचत होते. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, प्रबंधाचंही. म्हातारा ऐकून घेऊन म्हणाला, "मी सांगतलं होतं का नाई? पाण्याचं ऐकते ते."

"सांगतलं होतं बाबा! माहीत आहे सांगतलं होतं!" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या घरातून कोणी डोकावलं.

लटारूभाऊंनी पेंढी खाली ठेवली. चार वर्षांत पोरीने त्यांच्यापुढे हे पहिल्यांदा कबूल केलं होतं, पण तिचं तोंड पाहून त्यांना त्याचा आनंद काही झाला नाही. "मंग आता?" त्यांनी विचारलं.

"मंग आता पुन्हा. पह्यल्यापासून."

रुखमाबाईला यातलं एवढंच कळलं की सरांकडे आता फळं जायची नाहीत. झाडाची शेवटची सीताफळं काढून तिने सकाळीच पिशवी भरून ठेवली होती. "माह्याच फळानं नुकसान केलं का वो पोरी?" तिने विचारलं. चंचल ओट्यावर बसली. पिशवीतलं एक डोळे उघडलेलं सीताफळ काढून दोन्ही हातांनी फोडलं आणि रागारागाने खाऊ लागली. चार वर्षांत पहिलं. बिया ती अंगणात थुंकत होती आणि डोळ्यांतलं पाणी गालावरून गरात पडत होतं.

"गोड आहे का?" आईने भीतभीत विचारलं.

"गोडच आहे ना माय," चंचल म्हणाली आणि दुसरं फोडलं. "म्हणून तं वाट लागली."